रडण्याला वीसपैकी चौदा

२ जुलै, गुरुवार
आजपासून ग्रुप. बॅलरॅट शहरातल्या हॉस्पिटलात, कॅन्सर झालेल्या बायकांसाठी. दर गुरुवारी गोल बसायचं आणि मनातलं बोलायचं. मला याची गरज नाही. डॉक्टर पाठ सोडेनात म्हणून हो म्हटलं. शिवाय तिथल्या बायकांना माझ्यासारख्या शांत डोक्याच्या बाईचा आधार होईल.

नोंद असावी म्हणून: आधी छातीत होता, तो काढला, सहा वर्षं गप्प बसला. आता कण्यात आलाय. डॉक्टर म्हणाले, घालवता येणार नाही, थोपवता येईल. मी विचारलं, ऑक्टोबरपर्यंत थोपेल ना? ऑक्टोबरात, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात वसंतात, आमच्या गावचा शो असतो, मेंढ्या, ट्रॅक्टर आणि केक यांचं वार्षिक प्रदर्शन. केक विभागाची मुख्य परीक्षक मी. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. इतकी धीट पेशंट त्यांनी पाहिली नसावी.

रॉयला सांगितलेलं नाही. रॉय म्हणजे माझा नवरा. मागच्या खेपेला आजारी मी होते आणि वाळला तो. शेडमध्ये जाऊन एकच पाना पुसत बसायचा. त्याला हे झेपणार नाही. म्हणून सांगितलंय की दर गुरुवारी बॅलरॅटला परीक्षकांचा उजळणी वर्ग असतो.

जायची सोय चोख आहे. माझी गाडी गव्हाच्या कोठारांमागे लावते आणि तिथून पेशंटांना नेणाऱ्या गावच्या गाडीत बसते. बॅरी चालवतो, पैसे घेत नाही. गाडी पांढरी, दोन्ही दारांवर 'रुग्ण वाहतूक' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं. पण मी मागच्या सीटवर खाली सरकून बसते. कोणाच्या बापाला कळणार नाही.

संकल्प: रॉयला येत्या रविवारी सांगायचं. शांतपणे, मुद्देसूद.

५ जुलै, रविवार
सांगितलं नाही. त्याची फुटबॉल टीम हरली. एका दिवशी दोन वाईट बातम्या कोणी देत नाही.

९ जुलै, गुरुवार
ग्रुपमध्ये माणसं बरी आहेत, फक्त त्यांना वळण नाही. नोलीन, आधी पब चालवायची, डोक्यावर टोप, तोही तिरका, आणि तोंडात शिव्या. थुई, तिच्या घरच्यांची पावाची बेकरी आहे, सगळ्यांत तरुण, घरात दोन लहान पोरं. आणि ब्रॉन्विन, मानसोपचारवाली, कानात बांगड्यांएवढाले डूल. टेबलावर मधोमध टिश्यूंचा खोका. खरा अध्यक्ष तोच.

आज थुई रडली. मी मनातल्या मनात मार्क दिले, सवयच आहे. वीसपैकी चौदा. सुरुवात उत्तम, रंग छान आला होता, पण ऐन वेळी सॉरी सॉरी म्हणत थांबली. मध्येच ओव्हनचं दार उघडलं की केक बसतो. नंतर तिला बाजूला घेऊन हे समजावून सांगितलं. ती डोळे पुसता पुसता इतकी हसली की तिला धाप लागली. बघा, आधार झाला.

ब्रॉन्विनने मला विचारलं, आणि ग्लेनिस, तुम्हाला काय वाटतंय? म्हटलं, मस्त. ती म्हणाली, मस्त ही भावना नाही. मी म्हटलं, मग काय आहे, गावाचं नाव? तिने विचारलं, राग येतो का कधी? मी सांगितलं, मला राग येत नाही. आमच्या घराण्यातच नाही.

चहाबरोबर बिस्किटं विकतची होती. कॅन्सर झालेल्या बायकांपुढे विकतची बिस्किटं! मला राग आला नाही. फक्त घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

१६ जुलै, गुरुवार
आजचा विषय मृत्यू. मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. नोलीन म्हणाली, बये, तुझी हरकत असली तरी तो काय परत जाणारे का? सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ब्रॉन्विनने विचारलं की नवऱ्याला सांगितलंत का. म्हटलं, योग्य वेळ आली की सांगेन, त्याचं मन फार नाजूक आहे. ती म्हणाली, त्याचं? असा एकच शब्द टाकून गप्प बसायची तिला खोड आहे. त्याचा पगार मिळतो तिला.

नोलीनने आज रेडिएशनच्या यंत्रापासून देवापर्यंत सर्वांचा उद्धार केला. अश्रू शून्य, शिव्या वीसपैकी अठरा. दोन मार्क कापले, कारण त्याच त्याच येत होत्या.

२६ जुलै, रविवार
सांगायचं अगदी ठरवलं होतं. पण नवीनच चिंता. रॉयने आज आपणहून कपडे धुऊन वाळत घातले. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, या माणसाला कपड्यांच्या मशिनचं झाकण कुठून उघडतं ते माहीत नव्हतं. दुपारी माझ्या पाठीमागे उशी ठेवली. बोलिंग क्लबला गेलाच नाही, म्हणे, बसतो इथेच, तुझ्याजवळ. विचारलं, कशाला? तर म्हणाला, असंच.

विसरभोळेपणाची सुरुवात असणार. त्याच्या काकाचं असंच झालं होतं. नाश्त्याला हळूच परीक्षा घेतली: आज वार कोणता, पंतप्रधान कोण, आपला पहिला कुत्रा कुठला. सगळं बरोबर सांगितलं, पण सांगताना डोळे भरून आले. कुत्र्याच्या आठवणीने असतील. अशा माणसाला मी कण्याचं कसं सांगू?

६ ऑगस्ट, गुरुवार
घरी आले तर व्हरांड्यात झाकणाचं काचेचं भांडं. आत ओव्हनमध्ये शिजवलेलं मटण-बटाटा. बुडाला चिकटपट्टी, त्यावर नाव: मॅव्हिस क्रॉट. अशी भांडी आमच्याकडे लोक आजाऱ्याच्या घरी पाठवतात, नाहीतर मयताच्या. मीही जन्मभर पाठवली. आमच्याकडे यांतलं काहीच नाही. विचित्र बाई.

१३ ऑगस्ट, गुरुवार
आणखी दोन भांडी. कोंबडी-भात आणि ट्यूना-मॅकरोनी. बुडाची नावं पाहिली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅव्हिस फ्रूटकेकच्या स्पर्धेत असते, जॉयलीन स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या गोल पावांच्या, आणि ती तिसरी दर वर्षी स्पंजमध्ये मार खाते. शो दोन महिन्यांवर. परीक्षकाला मऊ करायचे धंदे! थेट केक पाठवला तर उघडं पडेल, म्हणून मटण.

मला राग आलेला नाही. मी फक्त भांडी आदळली.

१४ ऑगस्ट
तिन्ही भांडी परत केली. प्रत्येकीच्या दारात ठेवली, वर चिठ्ठी: 'अकरा. मटण चिवट.' 'नऊ. भाताचा गिचका.' 'ट्यूनाला शून्य, हेतू लक्षात घेता.' सही केली. एकदाचा धाक बसायला हवा.

एक गोष्ट खटकली. तिन्ही भांडी अर्धी रिकामी होती. लाच द्यायची आणि तीही अर्धी, केवढा कंजूषपणा. रॉयच्या बनियनवर रश्शाचा डाग होता. तो कुठून आला विचारलं तर शेडमध्ये पळाला.

२० ऑगस्ट, गुरुवार
पाच भांडी.

ग्रुपमध्ये ब्रॉन्विनने डोळे मिटायला लावले आणि शरीरात भावना कुठे जाणवते ते विचारलं. म्हटलं, कुठेच नाही, पाठीत फक्त दुखतं. थुई म्हणाली, मला घशात जाणवते, पोरांना झोपवताना. रोज गोष्ट सांगते, शेवट आला की आवाज जातो. मी तिला गोष्टी लहान निवडायला सांगितलं. नोलीनने माझ्या पायावर पाय दिला. मुद्दाम. दुखलं, पण मी शांत.

३० ऑगस्ट, रविवार
आज नक्की सांगणार होते. चहा टाकला, मुद्दे पाठ केले. रॉय मेलबॉक्सकडे गेला आणि मॅग्पायने झेप घेऊन त्याच्या टकलावर चोच मारली. वसंत आला की हे पक्षी माणसाला दिसेल तिथे टोचतात. रक्त आलं. जखमी माणसाला असलं काही सांगत नाहीत. आयोडीन लावलं. लावताना त्याने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. आयोडीन झोंबतं.

३ सप्टेंबर, गुरुवार
आज सराव. ब्रॉन्विन म्हणाली, समोर नवरा बसलाय असं समजा आणि सांगा. नोलीन रॉय झाली. पाय फाकवून बसली, पोट पुढे काढलं, रिमोट म्हणून चष्म्याचं घर हातात. हुबेहूब.

मी तिन्ही मुद्दे सफाईने मांडले. एक, परत आलाय. दोन, उपचार चालू आहेत. तीन, काळजीचं कारण नाही. नोलीनचा रॉय म्हणाला, बरं, मग रात्री जेवायला काय? सगळ्या खो खो हसल्या, मीसुद्धा. माझ्या मते प्रयोग संपला होता. पण नोलीन तशीच बसून राहिली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, ग्लेन, तुला भीती वाटते का गं?

मी सांगितलं की बॅरी वाट बघत असेल. बॅरी बाहेर गाडीत घोरत होता. माझा आवाज बसला होता. हवेत फार धूळ आहे सध्या.

परीक्षण: माझं सादरीकरण वीसपैकी एकोणीस. नोलीनला मार्क नाहीत. ती विषय सोडून बोलली.

६ सप्टेंबर, रविवार
आमच्याकडचा फादर्स डे. मुलगा पर्थहून फोनवर होता. अशा दिवशी नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार
थुई आली नाही. पोटात पाणी झालंय, वॉर्डात आहे. ब्रॉन्विनने तिची खुर्ची काढली नाही, तशीच ठेवली. मी म्हटलं, काढा ना, पाय आपटतो तिला. कोणी उठलं नाही. नोलीन म्हणाली, तुझं डोकं चुकीच्या ठिकाणी तापलंय. मी म्हटलं, मी तापत नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी, तू भट्टीत शिरतच नाहीस, दारात उभी राहून आम्हाला मार्क देतेस.

पबवाल्या बाईने मला भट्टी शिकवावी!

जाताना वॉर्डात डोकावले. थुई झोपली होती. ग्रुपसाठी घरची बिस्किटं नेली होती, ती तिच्या टेबलावर ठेवली. तिने खाल्ली नसतीलच. रस्ताभर बॅरीने रेडिओ लावला नाही. त्याला विचारलं, तुला काय झालं? म्हणाला, काही नाही, म्हटलं तुला शांत बसायचं असेल. लोक उगाच काहीबाही समजून घेतात.

१० ऑक्टोबर, शनिवार
शो. बेत असा: बक्षिसं लावून झाली की रॉयला ट्रॅक्टरांच्या तंबूत गाठायचं. माणसांत असला की तो रडारड करणार नाही.

परीक्षण उत्तम झालं. फक्त पाठीने दगा दिला, स्कोनच्या तिसऱ्या ताटापाशी टेबल धरावं लागलं. कोणी काही विचारायच्या आत मागे खुर्ची आली. पुढच्या टेबलापाशीही खुर्ची. चहाच्या तंबूत खुर्ची, त्यावर उशी. बाहेर घोड्यांच्या रिंगणाजवळही जॉयलीन खुर्ची घेऊन उभी. परीक्षकाचा इतका मान यापूर्वी कधी कोणी ठेवला नव्हता. चिठ्ठ्यांचा परिणाम.

मॅव्हिसच्या फ्रूटकेकवर केक गार करायच्या जाळीचे वळ उमटले होते. नियमाप्रमाणे बाद केला. तिने येऊन माझ्या गालाची पापी घेतली. म्हणाली, तू आहेस तशीच राहा गं. बाद केल्यावर पापी! या गावाचं काही खरं नाही.

ट्रॅक्टरांच्या तंबूत रॉय होता. मी म्हटलं, रॉय, एक सांगायचं होतं. तो लगेच टोपी काढून उभा राहिला. चर्चमध्ये राहतात तसा. म्हणाला, हां, सांग. मी त्याला सांगितलं की हिरवा ट्रॅक्टर लालपेक्षा चांगला आहे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार (बॅरीच्या गाडीत)
अक्षर हलतंय. गाडीमुळे.

थुई परत आलीय, खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून, मुठीएवढी. म्हणाली, काहीतरी हसायचं सांगा कोणीतरी. तिच्यासाठी म्हणून मी लाचेची भांडी सांगितली. मटण, चिठ्ठ्या, ट्यूनाला शून्य, अर्धी लाच, सगळं साग्रसंगीत. आजवर एकूण चौदा भांडी परत केली, असंही मी सांगितलं.

कोणी हसलं नाही. मग नोलीनला हसू फुटलं, असं की टोप मांडीवर पडला. म्हणाली, अगं मूर्ख बाई, तुझ्या गावाला माहीत आहे! दर गुरुवारी तू दारावर रुग्ण वाहतूक लिहिलेल्या गाडीत वाकून बसतेस, आणि तुझी गाडी कोठारांमागे दिवसभर उभी, सगळ्या हायवेला दिसते. ते तुला जेवायला घालतायत गं! आणि तू त्यांना मार्क देतेस!

मी म्हटलं, रॉयला तर माहीत नाही. तेव्हा नोलीनचं हसू थांबलं. थुई म्हणाली, ग्लेनिस, तो कपडे वाळत घालतो.

त्यानंतर मी उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मॅव्हिसपासून सुरुवात केली, बॅरीची गाडी, तिची अक्षरं, तिचा रंग. सगळ्या गावाने माझ्या पाठीमागे माझी कीव केली, माझ्या पाठीमागे! मग पाठीवर आले. या भिकारड्या कण्यावर, ज्याला मी जन्मभर ताठ ठेवला. सहा वर्षं मी सगळं नियमाप्रमाणे केलं, एक गोळी चुकवली नाही, आणि तो तरीही आला. ब्रॉन्विनच्या डुलांनाही काहीतरी म्हटलं. टिश्यूंचा खोका फेकला. नोलीनला लागला. ती म्हणाली, शाब्बास.

ब्रॉन्विन म्हणाली, ग्लेनिस, हा राग आहे. मी ओरडले, हा राग नाही, हा फक्त आवाज आहे! त्यावर थुई इतकी हसली की नर्स बघायला आली.

आज मोजकं ठरवलंय. घरी जायचं, रॉयला बसवायचं, आणि मी त्याला धीर द्यायचा. माहीत असलं तरी नीट कोणी समजावलं नसणार. मी आता पूर्ण सावरले आहे. बॅरीला म्हटलं, कोठारांपाशी थांबू नको, थेट दारात ने. तो म्हणाला, हो बाई. देवाची कृपा.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
रॉय व्हरांड्यातच होता. गाडी दारात आलेली पाहून उठला, पायऱ्या उतरून आला, बॅरीशी हात मिळवला. मला आत नेलं. मी म्हटलं, बस, मला बोलायचंय. बसला.

मी म्हटलं, एक. तेवढ्यावरच तो रडायला लागला. साधंसुधं नाही. खांदे हलत होते, तोंड वेडंवाकडं, आवाज मेंढीसारखा. साडेतीन महिने दर गुरुवारी तयारी मी केली, आणि मैदान मारलं याने. म्हणाला, दुसऱ्याच आठवड्यात गाडी पाहिली. तू सांगशील म्हणून थांबलो. रोज वाटायचं आज सांगेल. ट्रॅक्टरांच्या तंबूत तर वाटलं, आता नक्की. आणि मग तू हिरवा लाल करत बसलीस.

विचारलं, मग तू का नाही बोललास? म्हणाला, तुझी बातमी होती, ग्लेन. ती मी कशी फोडणार?

मी ठरल्याप्रमाणे धीर द्यायला घेतला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, अरे रडू नकोस, एवढं काही नाही, थोपवून धरणार आहेत, माणसं अशीही वर्षानुवर्षं काढतात, मी तर अगदी मस्त आहे. आणि त्याच दमात, कोणी विचारलं नसताना, माझ्या तोंडून निघालं, मला मरायचं नाहीये, रॉय.

हे मी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. ग्रुपमध्ये नाही, डॉक्टरांपुढे नाही, इथे लिहिलंही नव्हतं. मग थांबताच येईना. मला मरायचं नाहीये, मला भीती वाटते, मला भीती वाटते, असं तेच तेच, शहाण्यासारखं दुसरं वाक्य नाही. तो म्हणाला, मलाही वाटते. बस, एवढंच. उपाय नाही, सल्ला नाही. त्याच्या शर्टाला नाक पुसलं. आम्ही दोघं सोफ्यावर अंधार पडेपर्यंत बसलो होतो, दिवा लावायला कोणी उठलं नाही.

ब्रॉन्विन सांगते की बोललं की मोकळं वाटतं. पुढच्या गुरुवारी तिला विचारणार आहे, कधी? कारण मला अजून तसं काही वाटलेलं नाही. कण्यात तो होता तिथेच आहे, भीती होती तेवढीच आहे, फक्त आता ती दोघांना आहे. आणि नाक इतकं चोंदलंय की तोंडाने श्वास घेतेय. रॉय शेजारी तसाच घेतोय.